झापांखालची गाडी

मे महिना संपता संपता आमच्या परसातल्या फणसाची एक जाडजूड फांदी फळांसकट गाडीच्या शेडवर आली. पत्रे चेपले, एक खांब आडवा झाला, आणि गाडीला मात्र ओरखडाही आला नाही, कारण आदल्या दिवशी नवऱ्याने ती धुवायला म्हणून अंगणात काढली होती आणि आळसाने परत आत लावली नव्हती. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याच्या आळसाचा मला झालेला हा एकमेव फायदा. तो मी त्याला अजून बोलून दाखवलेला नाही आणि दाखवणारही नाही.

गाडी माझी. म्हणजे माझ्या बाबांची. बाबा रत्नागिरीजवळच्या पालीला डॉक्टर होते आणि ही गोल पाठीची, पांढरी, बटबटीत डोळ्यांची गाडी त्यांनी जन्मभर वापरली. एके काळी अशा गाड्या मंत्री वापरत किंवा टॅक्सीवाले. बाबा दोन्ही नव्हते, त्यामुळे पालीच्या बाजारात ती लांबूनच ओळखू येई. आधी आई गेली, मग काही वर्षांनी बाबा. मी एकुलती एक. पालीचं घर विकावं लागलं, भांडीकुंडी नातेवाइकांत गेली. गाडी मात्र मी रत्नागिरीला सासरी घेऊन आले. बायका माहेरून कपाट आणतात, शिवणयंत्र आणतात. मी चार चाकं आणली.

आणली ती वासासाठी. हे कुणाला सांगितलं तर हसतील म्हणून मी फारसं सांगत नसे. दार उघडलं की आत कापराचा वास यायचा, त्यात जरासा वेलदोडा. माझं सगळं बालपण त्या वासात मागच्या सीटवर बसून गेलं. बाबा देवळाची पायरी न चढणारा माणूस, देवपूजेच्या वेळी मुद्दाम वर्तमानपत्र वाचणारा, आणि त्यांच्या गाडीत कापूर! विचारलं तर म्हणायचे, "जंतू मरतात." डॉक्टर म्हणतोय म्हटल्यावर मी पुढे विचारलं नाही. बाबा गेल्यावर घरातून त्यांचा वास गेला, कपड्यांतून गेला, पण गाडीत तो राहिला होता. मी कुणाला काचा खाली करू देत नसे. नवऱ्याला महिन्यातून एकदा गाडी फिरवून आणायची परवानगी होती, तीही काचा वर ठेवून. एप्रिलमध्ये बिचारा बंदरापर्यंत जाऊन परत येईतो निथळत असे. मला त्याची दया यायची, पण वासाची जास्त यायची. गाडीचा पत्रा गंजला असता तरी मी सोसलं असतं. तो वास जाता कामा नये, एवढीच माझी अट होती.

शेड पडल्यावर गवंडी आला. त्याने आडव्या खांबाकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "आता काय होतंय? दसऱ्यानंतर बघू." कोकणात मेअखेर गवंड्याने आभाळाकडे पाहिलं की बोलणं संपलं. म्हणजे गाडीला सगळा पावसाळा उघड्यावर काढायचा होता. आणि आमच्याकडचा पावसाळा साधा नव्हे. चपलांना बुरशी येते, कमरेच्या पट्ट्यांना येते, लग्नाच्या अल्बमला येते. एका वर्षी सासऱ्यांच्या चष्म्याच्या घराला आली होती आणि ते आठवडाभर डोळे गेले म्हणून काळजीत होते.

घरात चर्चा सुरू झाली. आमचं घर म्हणजे आम्ही चौघं: मी, नवरा, आबा म्हणजे माझे सासरे, आणि सासूबाई. नवऱ्याने मुंबईत एका कचेरीत नोकरी केली आणि मुदतीआधी निवृत्त होऊन घरी आला. तेव्हापासून तो मोबाइलवर व्हिडिओ बघून शहाणा होतो आहे. त्याने लगेच एक व्हिडिओ शोधून काढला. कुठल्यातरी बर्फाळ देशातला तांबड्या दाढीचा एक गोरा माणूस त्यात हिवाळ्यात जुनी गाडी उघड्यावर कशी ठेवावी हे सांगत होता.

"अरे, पण हिवाळ्यात," मी म्हटलं.

"त्यांचा हिवाळा तोच आपला पावसाळा. बर्फ म्हणजे शेवटी काय? गोठलेला पाऊस."

आम्ही चौघांनी तो व्हिडिओ जेवणाच्या टेबलावर बसून पाहिला. नवरा मधूनमधून थांबवून मराठीत समजावत होता. टाकी पेट्रोलने काठोकाठ भरा, म्हणजे आत गंज धरत नाही. बॅटरी काढून घरात ठेवा. चाकांखाली ठोकळे द्या. सायलेन्सरच्या तोंडात तारेचा बोळा कोंबा, म्हणजे उंदीर शिरत नाहीत. आणि रस्त्यावरच्या मिठापासून गाडी जपा, कारण तिकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात.

"मीठ रस्त्यावर टाकतात?" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "मग मासे कशात खारवतात मेले?"

नवऱ्याने त्या गोऱ्याचा शब्द न् शब्द पाळायचा ठरवला. तो गावात पाणी गोठू नये म्हणून रेडिएटरमध्ये घालायचं औषधही विचारून आला. दुकानदाराने विचारलं, "कुठे, लडाखला चाललात काय?" मग त्याने एक खास कव्हर मागवलं. हे कव्हर म्हणे श्वास घेतं.

आबांनी ते कापड बोटांत धरून पाहिलं. आबा जन्मभर मासेमारीच्या होडीवर तांडेल होते. चार-सहा खलाशी त्यांच्या हुकमात असत आणि ती सवय त्यांची अजून गेलेली नाही. "श्वास घेणार, तो पावसात?" ते म्हणाले. "पावसात तोंड उघडून श्वास घेतला तर पाणीच जाणार नाय काय पोटात?"

"आबा, हे विज्ञान आहे."

"विज्ञान तुझ्याकडे ठेव. आमच्या होड्या पावसात चार महिने किनाऱ्यावर उघड्यावरच असतात. सडली काय एक तरी? होडी वर ओढायची, खाली ओंडके द्यायचे, वरून झाप घालायचे नि काथ्याने आवळायचे. आणि बुडाला माशाचं तेल."

"आबा," मी म्हटलं, "माझ्या गाडीला माशाचं तेल लागलं तर मी त्या दिवशी हे घर सोडेन."

ते मी इतक्या जोरात म्हटलं की दगडी गडग्यापलीकडची शेजारीण डोकावून गेली. माझा राग नाकावर असतो हे घरात सर्वांना माहीत आहे, पण याला एक कारणही होतं. मी शाकाहारी घरातली. सासरचे सगळे दर्यावर्दी, मासळीशिवाय ज्यांचा घास उतरत नाही असे. आमचं लग्न ठरलं तेव्हा पालीत पुष्कळांनी नाकं मुरडली. बाबांनी मात्र एका वाक्यात होकार दिला होता: "माणसं चांगली आहेत." त्या काळात, त्या गावात! मला बाबांचा केवढा अभिमान वाटला होता. पुढे सासरी माझ्यात आणि सासूबाईंच्यात न बोलता एक तह झाला. मासळी मागच्या पडवीतल्या चुलीवर व्हायची, माझा वरणभात पुढच्या स्वयंपाकघरात. इतक्या वर्षांत तो तह एकदाही मोडला नव्हता. मी त्यांच्या पडवीत नाक खुपसत नव्हते आणि त्या आपली मासळी पुढे आणत नव्हत्या.

माशाचं तेल रद्द झालं. बाकीचं सगळं झालं, आणि दोन्ही पद्धतींनी झालं, कारण बाप-लेकांपैकी कुणी मागे हटेना. आधी त्या गोऱ्याचं श्वास घेणारं कव्हर, त्याच्यावर आबांचे झाप. झाप म्हणजे नारळाच्या झावळ्यांचे विणलेले पडदे. हल्ली विणणारं माणूस मिळत नाही, म्हणून आबा स्वतः अंगणात फतकल मारून बसले आणि दुखऱ्या पाठीला शिव्या देत विणत राहिले. नवऱ्याने विणलेला एक झाप त्यांनी उकलायला लावला. तारेचा बोळा मिळेना, तेव्हा नवऱ्याने सासूबाईंची भांडी घासायची तारेची घासणी सायलेन्सरमध्ये कोंबली. ओलावा शोषायला चुनकळीची नि कोळशाची गाठोडी गाडीत ठेवली. आबांनी मागच्या चाकांखाली जांभ्याचे चिरे घालून गाडी नाकावर कलती केली, पाणी साचू नये म्हणून. मग सगळं काथ्याने असं आवळलं की वाऱ्याची काय बिशाद! मागच्या पडवीच्या बाजूला एक दार आणि डिकी उघडेल एवढी खिडकी ठेवली होती, झाप उचलून आत डोकावता येईल अशी. "होडीची पाहणी करावी लागते," आबा म्हणाले.

दुरून ती गवताच्या उडवीसारखी दिसायची. पोस्टमनने विचारलं, "गुरं घेतलीत वाटतं?"

पाऊस लागला आणि नवऱ्याला निवृत्तीनंतर पहिल्यांदा नियमित काम मिळालं. तो अधूनमधून डोक्यावर प्लास्टिक घेऊन, हातात टॉर्च घेऊन झाप उचलून आत शिरायचा आणि जेवताना अहवाल द्यायचा. मी स्वतः जात नव्हते. दार जितकं कमी उघडेल तितकं बरं, असं माझं मत होतं. त्यालाही मी बजावलं होतं की आत शिरलास की दार चटकन लावून घे.

आषाढात एका जेवणाला तो अगदी फुलून आला. बाहेर पाऊस असा कोसळत होता की एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. घरात काड्यापेटी पेटत नव्हती, मीठ पाघळलं होतं, ताटातला पापड भाजल्या भाजल्या चामड्यासारखा झाला होता.

"गाडीत एक थेंब नाही!" तो ओरडून म्हणाला. "इतकी कोरडी हवा, इतकी कोरडी, की आत पापड ठेवला तर कुरकुरीत राहील!"

सासूबाई भात वाढत होत्या. त्यांचा हात थांबला. "खरंच काय रे?" त्या म्हणाल्या.

"खरंच!" तो म्हणाला आणि चामडं चघळू लागला. गाडी कोरडी आहे म्हटल्यावर त्याचा आळस परत आला आणि त्याने पाहणी सोडून दिली.

यानंतर आमच्या ताटातले पापड कुरकुरीत यायला लागले. मी दोन घास खाल्ले, बरं वाटलं, पुढे विचार केला नाही. कांदे सडेनासे झाले. फणसाच्या साटांना बुरशी आली नाही. नवरा म्हणाला, यंदा घरातसुद्धा हवा कोरडी आहे, फणसाची फांदी तुटल्यामुळे वारा खेळतोय. आबा म्हणाले, असेल.

श्रावण लागला. आमच्याकडे श्रावणापासून गणपती होईपर्यंत मासळी बंद. त्या दिवसांत माझ्या आणि सासूबाईंच्या तहाला सुट्टी असते आणि त्या जरा उदास असतात. पण यंदा वाडीतली मांजरं आमच्या अंगणात जमायला लागली. आधी एक बोका आला. मग त्याचे मित्र आले. पावसाची उघडीप मिळाली की ती सगळी गाडीभोवती गोल करून बसायची, कीर्तनाला बसल्यासारखी, गाडीकडे टक लावून. नवऱ्याला फार आनंद झाला. "उंदरांवर नजर ठेवतायत," तो म्हणाला. "गोऱ्याने हे सांगितलंच नव्हतं. मांजर हा सगळ्यात स्वस्त उपाय." तो त्यांना दूध ठेवू लागला.

मी हे आता सांगताना मला माझीच कीव येते. शाळेत जन्मभर मुलांना निरीक्षण करा, निष्कर्ष काढा म्हणून शिकवलं. समोर सबंध वाडीची मांजरं बसली होती आणि मी निष्कर्ष काढला नाही.

गणपती झाले, पितृपक्ष झाला, नवरात्र बसलं. दसऱ्याला वाहनाची पूजा करतात, म्हणून आदल्या दिवशी सकाळी गाडी उघडायची ठरली. पाऊस गेला होता, ऊन पडलं होतं, अंगणातलं शेवाळ सुकत होतं. आबांनी कोयत्याने काथ्या कापला. झाप उतरले, कव्हर उतरलं आणि गाडी अशी बाहेर आली की मी टाळ्याच वाजवल्या. कुठे डाग नाही, गंज नाही. पांढरा रंग लखलखत होता. बाप-लेक तिथेच भांडायला लागले, हे श्वासाने झालं की झापाने. मी म्हटलं, तुम्ही भांडा, आणि चावी घेऊन दार उघडलं.

तो वास मी कसा सांगू? आधी तो आला नाही, अंगावर पडला. मागच्या सीटवर पापडाचे डबे नि साटं, पुढच्या सीटवर कोकमाची पिशवी. कोट टांगायच्या हुकांना कांद्यांच्या माळा. हे सगळं मी सोसलं असतं. पण खाली पाय ठेवायच्या जागेत कापडी पिशव्या होत्या. एकीत सुकट होती, ती बारीक सुकी कोलंबी. दुसरीत सुके बोंबील. डिकी उघडली तर तिथे खाऱ्या बांगड्यांचा डबा. श्रावणापासून मासळी बंद, गणपतीनंतर ताजी आलेली, म्हणून कुणी त्यांना हात लावला नव्हता, आणि काचा माझ्याच हुकमाने बंद. मी सीटला नाक लावलं. पाठीला लावलं. छताला लावलं. कापूर कुठेही नव्हता.

मी मागे वळले तेव्हा सासूबाई पडवीच्या दारात उभ्या होत्या.

त्या सकाळी मी जे बोलले ते सगळं इथे लिहिणं बरं नाही. एवढं सांगते की गडग्यापलीकडची शेजारीण या वेळी डोकावली नाही, सरळ खुर्ची घेऊन बसली. मी म्हटलं, हे घर तुमचं, चूल तुमची, समुद्र तुमचा, मला माझ्या बापाची एक गाडी ठेवता आली नाही? त्यात माझे बाबा होते, आता त्यात बोंबील आहेत. सासूबाई पदराला हात पुसत राहिल्या. त्यामुळे मला आणखी राग आला.

"जाऊ दे गो," आबा म्हणाले. "वासच तो. जाईल."

"गेलाय तोच मला हवा होता!" मी म्हटलं आणि रडायला लागले.

नवरा घाबरला. बायको रडली की त्याला काहीतरी करावंसं वाटतं, आणि ते नेहमी चुकीचं असतं. बॅटरी सकाळीच बसवलेली होती. तो गाडीत बसला आणि गाडी सुरू झाली तर हिला बरं वाटेल, अशा समजुतीने त्याने चावी फिरवली. इंजिन खोकलं, घुसमटलं, पुन्हा खोकलं, आणि मग बंदुकीसारखा आवाज होऊन सायलेन्सरमधली घासणी सुटली ती थेट मांजरांच्या कीर्तनात. सगळा श्रोतृवर्ग गडग्यावरून उडाला. त्या गोऱ्याने व्हिडिओच्या शेवटी बोळा काढायला विसरू नका म्हणून बजावलं होतं म्हणे. शेवटपर्यंत आम्ही पाहिलाच नव्हता, भात निवत होता म्हणून.

एरवी मी हसून लोळले असते. त्या दिवशी नाही हसले. इंजिन मात्र सुरू राहिलं. नवऱ्याने ते बंद केलं आणि तो आणि आबा झापांचे ढीग उचलायच्या निमित्ताने परसात सटकले.

मी स्टिअरिंगसमोर जाऊन बसले, दार उघडं टाकून. सासूबाई आल्या. त्यांनी बाजूच्या सीटवरची कोकमाची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बसल्या. मग म्हणाल्या, "मी माझ्या मनाने नाय ठेवलं गो."

"म्हणजे?"

"तुझ्या वडलांनीच सांगितलेलं. डिकीत सुकट झकास राहते म्हणून."

मला वाटलं, मला ऐकायला कमी येतंय.

"तुला सांगू नको म्हणून शपथ घातलेली मला. पण तू आता इतकं बोललीस, तर ऐक." त्या समोरच्या काचेतून बघत सांगत होत्या. "ते औषधं आणायला यायचे ना दर बुधवारी रत्नागिरीत? तुझ्या लग्नाआधी बंदरावरच्या खानावळीत जेवायचे, तेव्हाही सुकट डिकीतच. पहिल्यापासून. मासळीचं वेड माणसाला. पण डॉक्टर, त्यात पालीतलं तुमचं घर, सांगणार कुणाला? तुझं लग्न ठरलं तेव्हा मला बाजूला घेऊन बोलले, विहीणबाई, आता घरचं मिळेल."

"घरचं?"

"मग. तू शाळेत गेलीस की यायचे. पडवीत पाट मांडायची मी. पावसात ताजी मासळी नाय, म्हणून उन्हाळ्यातच सुकट घेऊन ठेवायचे. घरी नेता येत नाय, म्हणून डिकीत. दर बुधवारी मूठभर काढून माझ्याकडे द्यायचे, करा म्हणून."

मला एकेक गोष्ट आठवू लागली. बुधवारी शाळेतून आले की सासूबाई सांगायच्या, बाबा येऊन गेले, घाईत होते. लेकीला भेटायला चार तास थांबत नाहीत म्हणून मी किती वेळा रुसले होते. "थांबत का नसत?" मी विचारलं.

"थांबून तुझ्याशी बोलायचं कुठल्या तोंडाने? तोंडाला वास नाय येणार?"

आणि 'माणसं चांगली आहेत'! इतकी वर्षं मी शाळेतल्या बायकांना सांगत आले होते की माझे बाबा काळाच्या पुढे होते. होतेच. पण पुढे कुठे चालले होते, ते मला आता कळत होतं. माझ्या लग्नाला होकार त्यांनी सुकटीवर दिला होता. मला संताप यायला हवा होता आणि मला हसू फुटत होतं, आणि रडूही थांबत नव्हतं. "बिचारी माझी आई," मी म्हटलं. "जन्मभर फसवलं तिला. कापूर लावून."

सासूबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. "विहीणबाईंना? अगो, कापूर कोण ठेवायचं गाडीत? त्याच तर. त्यांना हे ठाऊक हाय, हे तुझ्या वडलांना ठाऊक नव्हतं, एवढंच. त्या मला एकदा बोलल्या होत्या, डॉक्टरांना वाटतं देवघरातला कापूर कामवाली ठेवते गाडीत. वाटू दे."

मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. माझ्या लहानपणाचा सगळा वास माझ्या आईने नवऱ्याची अब्रू झाकायला पसरलेला होता, आणि मी मागच्या सीटवर बसून तो बापाचा म्हणून हुंगत होते. बापाचा वास डिकीत होता. आज सकाळी मी ज्याच्यासाठी सबंध वाडी गोळा केली, तोच. कितीतरी वर्षांनी मला बाबा इतके जवळ आल्यासारखे वाटले, आणि ते असे, हातात सुकटीची मूठ घेऊन, चोरासारखे पडवीच्या दाराने. मला ते खूप आवडले. डॉक्टर बाबांपेक्षा जास्त आवडले.

परसातून नवऱ्याने हाक मारून विचारलं, "सोडा आणू का? सीटवर टाकून ठेवला की वास जातो म्हणे!"

"कशालाही हात लावू नकोस," मी ओरडले.

मग मी सासूबाईंना विचारलं, "काय करून घालायचात त्यांना?"

"सुकटीची चटणी. ओलं खोबरं भाजून, कोकम जरा जास्त. दोन भाकऱ्या झाल्या की ताटावर हात आडवा धरायचे, नको नको म्हणून. मी वाढायची. मग खायचे." सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. "आणि जेवताना दर बुधवारी एकच विचारायचे, आमची मुलगी कशी आहे?"

"तुम्ही काय सांगायचात?"

"काय सांगायची? तापट हाय, बोलायची मी. पण आमची हाय."

तेवढं ऐकून, म्हणे, ते हात धुवायला उठायचे.